इंजिन बांधून आलं. वरातीआधी ते रुळवायचं कसं?

प्रश्न: आमच्याकडे वडिलांनी 1984 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. बरीच वर्षं ती शेडमध्ये उभी होती. यंदा पूर्ण इंजिन खोलून काम करून घेतलं. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या, क्रँक ग्राइंड केला, बेअरिंग, कॅम, टॅपेट, व्हॉल्व सगळं नवं. इंजिन गाडीत बसलंय, पण अजून सुरू केलेलं नाही. मिस्त्री म्हणतात, आधी दोन दिवस गाडी जागेवरच न्यूट्रलला चालू ठेवायची आणि मग पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. पुण्यातला पुतण्या म्हणतो, हे जुने समज आहेत, पहिल्याच दिवशी हायवेला काढा आणि पिळा. दीड महिन्यानं धाकट्या मुलीचं लग्न आहे. वरात याच गाडीतून निघायची, ही वडिलांची इच्छा होती. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर:

सप्रेम नमस्कार. इंजिन अजून सुरू केलेलं नाही, हे वाचून फार बरं वाटलं. सिलिंडरमध्ये रिंगा नीट बसणार की नाही, हे पहिल्या काही तासांत बरंचसं ठरून जातं आणि ते तास अजून तुमच्या हातात आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दोन दिवस न्यूट्रलला चालू ठेवायचं, ते अजिबात करू नका. मिस्त्रींनी बाकी कितीही चांगलं काम केलेलं असो, या एका गोष्टीनं त्यांची मेहनत आणि तुमचे पैसे दोन्ही वाया जाऊ शकतात.

कारण सांगतो, म्हणजे पुढचं सगळं तुम्हालाच सुचत जाईल. बोअर झाल्यावर लेथवाल्यानं शेवटी होनिंगचे दगड फिरवून सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. या रेघांची दोन कामं. त्यांच्या खाचांत ऑईल टिकून राहतं आणि त्यांची टोकदार शिखरं कानशीसारखी रिंगची कड घासून तिला त्या भिंतीच्या आकाराची करतात. या घासण्यात शिखरंही झिजतात. रिंग आणि भिंत अशी एकमेकींना जुळली की रिंग 'बसली' असं आपण म्हणतो. पण शिखरं बोथट व्हायच्या आत हे जुळणं पुरं व्हावं लागतं. त्यांना दुसऱ्यांदा धार येत नाही.

आता रिंग भिंतीवर दाबतं कोण? तिचा स्वतःचा ताण थोडासाच असतो. खरा रेटा जळणाऱ्या वायूचा. तो पिस्टनच्या खाचेत, रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. अॅक्सिलरेटर दाबला, इंजिनावर भार आला, की हा रेटा वाढतो. न्यूट्रलला इंजिन नुसतंच फिरतं. भार नाही, म्हणून रेटाही फारसा नाही. रिंग ऑईलच्या थरावरून सरकत राहते, शिखरं काही काम न करताच झिजतात आणि भिंतीवर उरलेलं ऑईल भाजून तिथं चिवट, चकचकीत थर चढतो. गॅरेजात याला ग्लेझ म्हणतात. एकदा भिंत अशी ग्लेझ झाली की इंजिन आयुष्यभर ऑईल खातं, मागून निळा धूर निघतो आणि उपाय एकच उरतो: पुन्हा खोला, पुन्हा होनिंग करा, पुन्हा रिंगा टाका.

म्हणून पुतण्याचं अर्धं बरोबर आहे. इंजिनाला पहिल्याच दिवशी भार दिला पाहिजे. पण भार वेगळा आणि वेग वेगळा, ही गल्लत त्याच्याकडून होतेय. नव्या पिस्टनची आणि बेअरिंगची फट अजून घट्ट आहे, जिथं दोन भाग जास्त टेकतात तिथं उष्णता साठते. अशा वेळी सलग ऐंशी-नव्वदनं दामटलं तर पिस्टन सिलिंडरला धरतो. तुमच्या इंजिनाला हवाय तो भार, आणि तोही थोडा थोडा वेळ, मध्ये विसावा देऊन.

मिस्त्रींचंही अर्धं बरोबर आहे. चाळीसची मर्यादा आली ती पिस्टन आणि बेअरिंग जपायला. पूर्वी यंत्रावरचं काम आजच्याइतकं नेमकं नव्हतं, ऑईलही साधं असायचं, आणि गाडी नेणारा गिऱ्हाईक कसा चालवेल याचा भरवसा नसायचा. एकच आकडा सांगणं सोपं पडायचं. पण पद्मिनी टॉप गिअरमध्ये चाळीसनं जाते तेव्हा इंजिन मिनिटाला जेमतेम दीड हजार फेरे घेत असतं. त्यात जरासा चढ लागला की ते गुदमरतं, बेअरिंगवर धक्के बसतात. म्हणजे ज्या बेअरिंगला जपायचं तिलाच मार. वेग कमी ठेवला म्हणून इंजिनाला आराम मिळतोच असं नाही. योग्य गिअर जास्त महत्त्वाचा.

आता सुरू करण्याआधीची तयारी. इथं घाई करू नका, दोन दिवस खर्च करायचेच असतील तर ते इथं करा.

ऑईल साधं मिनरल घ्या, 20डब्ल्यू-50 किंवा 20डब्ल्यू-40. सिंथेटिक आत्ता नको, आणि घर्षण कमी करणारी कुठलीही बाटली वरून ओतू नका. रिंग बसायला आपल्याला थोडं घर्षणच हवंय. कॅमचा मुद्दा मात्र उलटा. कॅम म्हणजे व्हॉल्व उघडायला लावणारा फिरता दांडा, आणि त्याचा धक्का वर पोचवणारा तुकडा म्हणजे टॅपेट. पद्मिनीचा कॅम ब्लॉकमध्ये आहे आणि त्याच्या उंचवट्यावर टॅपेटचा सपाट तळ घासत फिरतो. त्या बारीकशा जागेवर दाब प्रचंड असतो आणि तिथं ऑईलमधलं झिंकयुक्त रसायन धातू वाचवतं. नव्या पेट्रोल गाड्यांच्या ऑईलमध्ये हे प्रमाण कमी केलेलं असतं, कारण त्यातला फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. तुमच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही. तेव्हा दुकानात 'नव्या गाडीसाठी सगळ्यात भारी' असलेलं पातळ ऑईल कुणी पुढे केलं तर घेऊ नका. आणि मिस्त्रींना विचारा, कॅम आणि टॅपेट बसवताना त्यांना जाड असेंब्ली पेस्ट लावली होती ना? नुसतं ऑईल लावलं असेल आणि इंजिन बरेच दिवस तसंच उभं असेल, तर ते ओघळून गेलेलं असतं.

मग चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा आणि भरलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारा. दहा-पंधरा सेकंद मारायचा, मग थांबायचं, स्टार्टर थंड होऊ द्यायचा. डॅशबोर्डवरचा ऑईलचा दिवा विझेपर्यंत हे चालू ठेवा. त्यानंतर टॅपेट कव्हर उघडून रॉकरवर ऑईल पोचलंय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. प्लग काढल्यामुळे दाब नसतो, बेअरिंगवर भार येत नाही आणि इंजिन कोरडंच सुरू होण्याचा धोका टळतो. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बरेच जण टाळतात. तुम्ही टाळू नका.

पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली पाहिजे अशी व्यवस्था करा. टायमिंग आधीच लावून ठेवा, कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल भरून ठेवा. सुरू होत नाही म्हणून स्टार्टर मारत राहिलात तर कच्चं पेट्रोल भिंतीवरचं ऑईल धुऊन काढतं. चोकचंही तेच. लागला तर ओढा, पण इंजिन धरतंय असं दिसताच ढकला.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर: आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 1984 च्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. इंजिन नवं केलं आणि नळ्या जुन्याच राहिल्या, असं फार वेळा होतं. त्या बदलून घ्या. इथेनॉलमुळे मिश्रण किंचित पातळ होतं आणि पातळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं, म्हणून कार्ब्युरेटरचं ट्यूनिंग आजच्या पेट्रोलवर झालं पाहिजे. पहिल्यांदा सुरू करताना आग विझवायचं सिलिंडर शेजारी असू द्या.

आणखी एक तपासा. जुन्या गाड्यांमधून 'गाडी तापते' म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. तुमच्याही गाडीतून तो कधीतरी गायब झालेला असू शकतो. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन लवकर आणि पुरेसं गरम होत नाही. थंड इंजिनात पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं आणि रिंगा नीट बसत नाहीत. नवा बसवून घ्या. गाडी तापत असेल तर त्याचं कारण रेडिएटरमध्ये शोधायला हवं.

आता सुरू करायचं. सुरू झाल्याबरोबर आयडलला सोडू नका, अॅक्सिलरेटर धरून इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास आणा. पद्मिनीला आरपीएम मीटर नाही. मिस्त्रींकडे ट्यूनिंगचं मीटर असेल तर ते लावा. नसेल तर टॉप गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला इंजिनाचा जो आवाज तुमच्या कानात बसलेला आहे, तो साधारण तेवढाच आहे. तिथून थोडं वर, थोडं खाली करत वीस मिनिटं चालवा. तुम्ही म्हणाल, मघाशी न्यूट्रलला नको म्हणालात. ही वीस मिनिटं कॅमसाठी आहेत. कॅमवर ऑईल पडतं ते मुख्यतः फिरणाऱ्या क्रँकवरून उडून, आणि आयडलला ते पुरेसं उडत नाही. नव्या कॅमवर नवे टॅपेट रुळण्यासाठी ही वीस मिनिटं द्यावीच लागतात. त्याहून जास्त मात्र नकोत. या वेळात एकानं ऑईलच्या दिव्यावर आणि तापमानावर नजर ठेवायची, दुसऱ्यानं इंजिनाखाली टॉर्च मारून गळती पाहायची. दिवा लागला, पाणी उकळायला आलं किंवा धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला, तर त्या क्षणी बंद करा. सुरुवातीला थोडा धूर येईल, जोडणीच्या वेळी लावलेलं ऑईल जळत असतं. त्याला घाबरू नका.

वीस मिनिटांनंतर बंद करून इंजिन कोमट होऊ द्या आणि ऑईल काढून टाका. हो, वीस मिनिटांत. फिल्टरही बदला. सगळ्यात जास्त चुरा याच वेळात निघतो आणि तो नव्या बेअरिंगमधून फिरवत ठेवण्यात काही शहाणपण नाही. काढलेलं ऑईल पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा. राखाडी, चमचमती, बोटाला न जाणवणारी भुकटी दिसली तर ठीक. बोटाला टोचणारे तुकडे किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, मिस्त्रींना ते फडकं दाखवा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमानं, टॉर्क रेंचनं पुन्हा ओढून घ्या आणि टॅपेटची फट तपासा. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. दोन्ही तापल्यावर कमी-जास्त फुगतात आणि नवं गॅस्केट पहिल्या उष्णतेत दबतं.

मग रस्ता. पहाटे लवकर कोरेगावच्या रस्त्याला जा. गाडीत तुम्ही आणि फार तर आणखी एक माणूस. आठ-दहा किलोमीटर सावकाश चालवून इंजिन नीट गरम करा. मग मोकळा, सपाट पट्टा पाहून तिसऱ्या गिअरमध्ये तीसवर या. अॅक्सिलरेटर अर्धा ते पाऊण दाबून गाडी पन्नासपर्यंत न्या. तिथं पाय पूर्ण काढा आणि गिअर न काढता गाडीला आपणहून तीसवर येऊ द्या. क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल करायचं नाही. दाबल्यावर रिंगा भिंतीवर रेटल्या जातात. सोडल्यावर सिलिंडरमध्ये पोकळी तयार होऊन खालचं ऑईल थोडं वर खेचलं जातं. ते भिंत थंड करतं आणि घासून निघालेला चुरा धुऊन नेतं. सोडणं हे दाबण्याइतकंच गरजेचं आहे. असं आठ-दहा वेळा करा. पुढे टॉप गिअरमध्ये पंचेचाळीस ते पासष्ट, तेवढ्याच वेळा. मग शांतपणे घरी या आणि इंजिन थंड होऊ द्या. रिंगा बसवण्याचं सगळ्यात मोठं काम त्या एका सकाळी झालेलं असेल.

त्यापूर्वी एक कागदोपत्री गोष्ट. गाडी इतकी वर्षं उभी होती तर आरसीचं नूतनीकरण आणि विमा चालू आहे ना, ते पाहा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आणि ब्रेकचे सिलिंडर व टायर यांचं काम झालं नसेल तर पन्नासच्या वर जायचा विचारसुद्धा करू नका.

पहिल्या पाचशे किलोमीटरचा नियम सोपा आहे: एकाच वेगानं फार वेळ जायचं नाही. म्हणूनच साताऱ्याहून कऱ्हाडला हायवेनं सरळ एका लयीत जाण्यापेक्षा गावागावांतून जाणारा, कमी-जास्त वेग करायला लावणारा रस्ता बरा. पासष्ट-सत्तरच्या वर नको, आणि टॉपमध्ये चाळीसच्या खाली नको, तिसरा टाका. पोवई नाक्याच्या गर्दीत संध्याकाळी अडकू नका. तीनशेएक किलोमीटर झाल्यावर यवतेश्वरचा घाट एकदा चढा, खालच्या गिअरमध्ये, गाडीत कमी माणसं घेऊन, थंड वेळी. उतरताना गिअरमध्येच उतरा. पाचशेला पुन्हा ऑईल आणि फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा पाहा. ऑईलची कांडी मात्र रोज सकाळी तपासायची. सुरुवातीला पातळी थोडी उतरते. ती उतरणं दिवसेंदिवस कमी होत गेलं तर रिंगा बसतायत असं समजा.

आता वरात. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. नव्या इंजिनासाठी वरातीइतकं वाईट काही नाही. दोन तास चालण्याच्या वेगानं जायचं, पंखा इंजिनाच्याच वेगानं फिरणार म्हणून हवा कमी, पुढून वारा नाही, बॉनेटवर फुलांच्या माळा आणि ग्रिल झाकलेलं. शिवाय अर्धा क्लच दाबून सरकत राहायचं, म्हणजे नवी क्लच प्लेटही जळणार. पण वडिलांची इच्छा पुरी होऊ शकते, आणि व्हायला हवी.

दीड महिना पुरेसा आहे. रोज सकाळी तीस-चाळीस किलोमीटर धरले तरी तीन आठवड्यांत पाचशेचा टप्पा ओलांडून दुसरं ऑईल बदलून होईल. त्यानंतर लग्नाआधी एकदा संध्याकाळच्या गर्दीत गाडी मुद्दाम अर्धा तास हळू चालवून पाहा, तापमान कुठे स्थिरावतं ते कळेल. रेडिएटर आणि फॅन बेल्ट आधीच पाहून घ्या. सजावट करणाऱ्याला बजावून सांगा, ग्रिलवर एकही हार नको. वरात शक्य तितकी छोटी ठेवा. जिथं मंडळी नाचायला थांबतील तिथं इंजिन बंद करा आणि पोरांना गाडी ढकलू द्या. सजवलेली गाडी घरच्या पोरांनी ढकलत नेणं यात काही कमीपणा नाही, उलट पाहायला छानच दिसतं. तुमच्या पद्मिनीचे ब्रेक आणि स्टिअरिंग इंजिनाच्या मदतीशिवाय चालतात, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गाडी ताब्यात राहते. किल्ली बंद केल्यावर स्टिअरिंग मोकळं राहतं ना, हे मात्र आधी करून पाहा. इंजिन बंद आणि इग्निशन चालू असं ठेवू नका, कॉइल तापते. स्टिअरिंगवर गाडीची सवय असलेलाच माणूस हवा.

काही कारणानं लग्नापर्यंत पाचशे किलोमीटर झालेच नाहीत, तर मग इंजिन सुरू न करता पूर्ण वरात ढकलतच न्या, किंवा शेवटच्या गल्लीपुरती गाडी घ्या. त्या दिवशीच्या आग्रहाला बळी पडू नका.

मिस्त्रींशी वाद घालू नका. हे पत्र त्यांना वाचून दाखवा आणि पहिली वीस मिनिटं त्यांनाच उभं करा. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या, आणि या इंजिनावर हात बसलेली माणसं आता झपाट्यानं कमी होतायत. तुमच्या गावात असा एक माणूस आहे, त्याला धरून राहा. पुतण्याला टॉर्च घेऊन इंजिनाखाली बसवा.

लग्न पार पडलं की दीड हजार किलोमीटरला चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात दहा टक्क्यांहून अधिक फरक नसेल तर तिसऱ्यांदा ऑईल बदला आणि गाडी बिनधास्त कोकणात न्या. फरक जास्त आला तर ज्या सिलिंडरचा आकडा कमी आहे त्यात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांत आहे, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्वमध्ये. ते आकडे मला जरूर लिहून कळवा, पुढचं काय करायचं ते सांगतो.